कशावरून?

रात्रीचे साडेदहा वाजून गेलेत. तारीख २६ मार्च १९७२. तुम्ही देसाईगंजच्या पोलीस ठाण्याबाहेर उभे आहात. गावाला वडसाही म्हणतात. वैनगंगेकाठचा हा धानाचा मुलूख अजून चंद्रपूर जिल्ह्यात आहे. गडचिरोली जिल्हा वेगळा व्हायला दहा वर्षं बाकी आहेत. तुम्ही कुणाला दिसत नाही, आणि घडणाऱ्यातलं काही तुम्हाला बदलता येत नाही. मुभा एवढीच आहे की प्रत्येक मुक्कामी एक प्रश्न विचारायचा: तिची संमती नव्हती, हे कशावरून ठरवायचं? उत्तर त्या त्या काळाचा कायदा देईल.

आत एक मुलगी आहे. डॉक्टर उद्या तपासून तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगतील. आईबाप नाहीत. ती भावाजवळ राहते आणि दोघंही मजुरी करून पोट भरतात. ज्या घरी ती कामाला जाते तिथल्या बाईच्या भाच्याशी तिचं जुळलंय आणि दोघांना लग्न करायचंय. भावाला ते पसंत नाही. त्याने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली, म्हणून सगळ्यांना ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाले. ज्या हेड कॉन्स्टेबलने ते घेतले तो भावाला तिच्या जन्मनोंदीची नक्कल आणायला सांगून घरी गेला. बाकीचेही निघाले. तेवढ्यात ड्यूटीवरच्या एका शिपायाने मुलीला मागे थांबवलं आणि इतरांना बाहेर जायला सांगितलं.

आता ठाण्यातले दिवे विझलेत आणि दार आतून बंद आहे. ती जिच्याकडे कामाला जाते ती बाई इमारतीच्या मागच्या बाजूला जाऊन हाका मारतेय. आतून ओ नाही. लोक जमू लागलेत. थोड्या वेळाने एक पोलीस बाहेर येऊन मुलगी कधीच गेली म्हणून सांगतो. पाठोपाठ मुलगी बाहेर येते आणि शिपायाने आपल्यावर बलात्कार केला असं जमलेल्यांना सांगते. गर्दी खवळते, ठाणं पेटवून देण्याची भाषा होते, तेव्हा कुठे तिची फिर्याद लिहून घेतली जाते.

तिचं नाव तुम्हाला ऐकू येतंय, पण या मजकुरात ते येणार नाही. बलात्कार झालेल्या व्यक्तीचं नाव छापू नये असा कायदा याच रात्रीमुळे पुढे होणार आहे.

१ जून १९७४. चंद्रपूरचं सत्र न्यायालय. मार्चमधल्या त्या रात्रीवर दोन उन्हाळे गेलेत. प्रश्न विचारा. न्यायाधीशांचं उत्तर असं: ही मुलगी सोळाच्या आतली आहे हे समाधानकारकपणे सिद्ध झालेलं नाही. वैद्यकीय तपासणीवरून तिला शरीरसंबंधाची सवय असल्याचं दिसतं. ती खोटं बोलते. शिपायाशी संबंध आला असेल. पण संबंध वेगळा आणि बलात्कार वेगळा. बाहेर प्रियकर आणि गर्दी उभी होती, त्यांच्यासमोर अब्रू राखायला तिने बलात्काराचं नाव घेतलं असावं. शिपाई आणि मुलगी गेली म्हणून सांगणारा तो दुसरा पोलीस, दोघेही निर्दोष.

नीट पाहा, या उत्तरात त्या रात्रीच्या ठाण्याबद्दल फार थोडं आहे. विझलेले दिवे, बंद दार, खाकी कपडे यांचं वजन इथल्या तराजूत पडलं नाही. पारड्यात पडलं ते तिचं आधीचं आयुष्य. आणि न्यायाधीशांनी हे कायद्याबाहेर जाऊन केलं असं म्हणण्याचीही सोय नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १५५(४) आरोपीला तेवढी मोकळीक देतंच: बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ होती असं दाखवून तिची साक्ष पाडता येते. हे पोटकलम २००२ सालच्या दुरुस्तीपर्यंत जिवंत राहणार आहे.

१२ ऑक्टोबर १९७६. उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ. इथे हवा बदललेली आहे. न्यायमूर्ती म्हणतात की हे दोन पोलीस तिला परके होते. रात्री ठाण्यात आलेली मुलगी आपणहून त्यांच्याशी लगट करायला जाईल हे संभवत नाही. भीतीपोटी शरीर हतबलपणे दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे त्या कृत्याची इच्छा असणं नव्हे. शिपायाला पाच वर्षं, दुसऱ्याला एक वर्ष. तुमच्या प्रश्नाला प्रथमच असं उत्तर मिळालं की ज्यात सत्ता कुणाच्या हाती होती याचा विचार आहे.

ते टिकलं दोन वर्षंही नाही.

१५ सप्टेंबर १९७८. दिल्ली, सर्वोच्च न्यायालय, तीन न्यायमूर्ती. तुम्ही मागच्या बाकावर बसलात. निकाल न्या. कोशल यांनी लिहिलाय. तिच्या अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे तिने निकराने प्रतिकार केला हे खरं नाही, म्हणजे जे झालं ते सुखासुखी झालं. शिपायाने हात धरला तेव्हा भाऊ जवळ होता. हात झटकून ओरडणं स्वाभाविक होतं, ती मुकाट्याने मागे गेली. ओरडल्याचं ती सांगते ते रचलेलं आहे. उच्च न्यायालय भीतीबद्दल बोलतं. पण कायद्याला हवी असते ती मृत्यूची किंवा इजेची भीती, आणि तशी भीती इथे सिद्ध झालेली नाही. दोघेही सुटले.

याच वर्षी, काही महिन्यांपूर्वी, याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात चौकशीसाठी बाईला पोलीस ठाण्यात बोलावण्यावर कडक शब्दांत नापसंती नोंदवली होती. या निकालात मात्र एका अल्पवयीन मजूर मुलीला रात्री ठाण्यात थांबवून ठेवण्याबद्दल चकार शब्द नाही.

‘मृत्यूची किंवा इजेची भीती.’ न्यायमूर्तींच्या पदरचे हे शब्द नाहीत, समोरच्या पुस्तकात ते छापलेले आहेत. कलम ३७५, पोटकलम तिसरं. ते कुणी लिहिलं हे पाहायचं तर एकशे अठरा वर्षं मागे जावं लागेल.

६ ऑक्टोबर १८६०. कलकत्ता. भारतीय दंड संहितेला आज मंजुरी मिळाली. तिचा पहिला मसुदा १८३७ सालचा, मेकॉलेच्या हाताखाली झालेला. तो स्वतः हा दिवस पाहायला उरला नाही. गेल्या डिसेंबरात लंडनला वारला. शाई वाळलेली प्रत तुमच्यासमोर आहे. पानं उलटा.

पुस्तक मोठं काटेकोर आहे. कलम ४७ मध्ये ‘प्राणी’ म्हणजे काय ते सांगितलंय, ४८ मध्ये ‘जहाज’, ४९ मध्ये ‘वर्ष’. कलम ९० मध्ये भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे असं म्हटलंय. ३७५ मध्ये बलात्काराचे पाच प्रकार येतात: तिच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीविना, मृत्यूची वा इजेची भीती घालून मिळवलेल्या संमतीने, आपण तिचा नवरा नाही हे ठाऊक असताना तिला नवरा असल्याचं भासवून, आणि ती दहा वर्षांच्या आतली असेल तर संमती असो वा नसो. संमती कुठे मानायची नाही याची ही यादी झाली. संमती असते म्हणजे काय असतं, याला व्याख्या कुठेच नाही. जहाजाला आहे.

हा रिकामा कोपरा वरवर निरुपद्रवी वाटतो. पण खटला उभा राहिला की कुणीतरी तो भरतोच, आणि तो भरायला न्यायाधीशाकडे असतं काय, तर ‘अशा वेळी चांगली स्त्री कशी वागेल’ याचं त्याच्या मनातलं चित्र. ती ओरडेल, ओरबाडेल, तिच्या अंगावर वळ उठतील. दिल्लीच्या निकालातली प्रत्येक ओळ या कोपऱ्यात वाढलेली आहे.

कलमाच्या शेवटी एक अपवाद जोडलाय तोही वाचा. नवऱ्याने बायकोशी केलेला संबंध, ती दहा वर्षांच्या आत नसेल तर, बलात्कार नव्हे. याचं मूळ इंग्लंडच्या मॅथ्यू हेल या सतराव्या शतकातल्या न्यायाधीशाच्या ग्रंथात आहे. तो छापला गेला १७३६ मध्ये, हेलच्या मृत्यूनंतर. लग्न करताना बायकोने एकदाच जी संमती दिली ती तिला परत घेता येत नाही, असा त्याचा दाखला.

परत घेऊ पाहणारी एक बाई तुम्हाला मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात दिसेल. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नवऱ्याकडे कधी नांदायला गेलेली नाही, आणि आता जाणारही नाही म्हणते. दावा दिवाणी आहे. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी नवऱ्याची मागणी फेटाळली होती, आज न्या. फॅरन महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम देतात. तुरुंग पत्करेन, असं तिचं उत्तर आहे. पुढच्या वर्षी नवरा दोन हजार रुपये घेऊन तडजोड करतो, आणि ती डॉक्टर व्हायला विलायतेला जाते. फौजदारी कायद्याचा कोपरा मात्र आहे तसाच राहतो.

तीन वर्षांनी, १८९० मध्ये, कलकत्त्याच्या एका न्यायालयात तुम्हाला फार वेळ उभं राहवणार नाही. अकराच्या आसपासची एक मुलगी नवऱ्याने केलेल्या संबंधात रक्तस्राव होऊन मेली आहे. नवरा प्रौढ आहे. तिला काय हवं होतं हा प्रश्न इथे निघूच शकत नाही, कारण तिने दहावं ओलांडलंय आणि ती त्याची बायको आहे. न्या. विल्सन ज्युरीला तसंच समजावतात. निष्काळजीपणाने गंभीर इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी होते.

या मृत्यूनंतर संमतिवयाचं बिल आलं. जानेवारी १८९१ मध्ये पुण्यात उतरलात तर गल्लोगल्ली तोच विषय. ‘केसरी’त टिळक सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून लिहितायत, ‘सुधारका’त आगरकर बिलाच्या बाजूने, आणि डॉ. भांडारकर शास्त्रवचनं काढून दाखवतायत की उशिरा विवाह धर्माला सोडून नाही. १९ मार्चला कायदा झाला आणि दहाचे बारा झाले, नवऱ्यांसकट. पुढची पायरी १९२५ ची: चौदा, बायकोसाठी तेरा. मग १९४९: सोळा, बायकोसाठी पंधरा. हे पंधरा २०१७ पर्यंत कायम. वय ही मोजता येणारी गोष्ट, म्हणून कायदा आकडा वाढवत राहिला. वयाच्या रेषेपलीकडच्या बाईबद्दल त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आता पुन्हा पुढे. १६ सप्टेंबर १९७९. दिल्ली आणि पुण्यातल्या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलंय: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. सरन्यायाधीश आहेत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. निकाल देणाऱ्या तिघांत ते नव्हते. पत्राचा मुद्दा सरळ आहे: संमती दिलेला माणूस शरण जातो, पण शरण गेलेल्या प्रत्येक माणसाने संमती दिलेली असते असं नाही. चौदा-सोळा वर्षांची गरीब मुलगी, समोर पोलीस, बंद दार. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली, हे अनुमान निघालं कुठून? आणि लग्नाआधी प्रियकराशी संबंध असलेली मुलगी शिपायालाही होकार देईल, हे कोणत्या तर्कात बसतं?

एका निकालाविरुद्ध कायद्याच्या शिक्षकांनी असं लिहिणं नवीनच होतं. पण पत्र फिरत राहिलं. १९८० उजाडता मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट रेप’ उभा राहिला. ८ मार्चला तुम्ही मुंबईत, दिल्लीत किंवा नागपुरात असाल तर मोर्चातल्या बायकांच्या हातात खटल्याच्या फेरविचाराची मागणी दिसेल. फेरविचार झाला नाही. विधी आयोगाने मात्र महिन्याभराने आपला ८४ वा अहवाल दिला आणि नेमकं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं: कलमात नुसती ‘संमती’ न म्हणता ‘मुक्त आणि स्वेच्छेने दिलेली संमती’ असं म्हणा.

तीन वर्षांनी, २५ डिसेंबर १९८३ ला दुरुस्ती लागू झाली, तेव्हा ते शब्द तिच्यात नव्हते. काय आलं ते मोलाचं होतं. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग आणि रुग्णालयांतले अधिकारी यांनी आपल्या ताब्यातल्या स्त्रीशी केलेला गुन्हा वेगळा आणि जास्त शिक्षेचा झाला. खटला बंद दाराआड चालवायचा, नाव छापायचं नाही, असं ठरलं. पुरावा कायद्यात ११४अ आलं: ताब्यातल्या स्त्रीच्या बाबतीत संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं तिने साक्षीत सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. खोडून काढायचं ओझं आरोपीवर. तुमच्या प्रश्नाला प्रथमच ‘ती सांगते म्हणून’ असं उत्तर मिळालं, पण ते मुख्यतः ठाण्याच्या आणि तुरुंगाच्या भिंतींपुरतं. घरात, शेतात, कचेरीत बाईने सांगितलेल्या नकाराला अजून वळांची साक्ष लागत होती.

तो कोपरा आणखी तीस वर्षं रिकामा राहिला.

२३ जानेवारी २०१३. दिल्लीच्या धुक्यात तुम्हाला थंडी वाजेल. डिसेंबरात बसमधल्या सामूहिक बलात्कारानंतर रस्ते माणसांनी भरून गेले होते. न्या. जे. एस. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीने २९ दिवसांत अहवाल पुरा करून आज सादर केलाय. त्यातलं सगळं सरकार घेत नाही. पण ३ फेब्रुवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीत कलम ३७५ ला एक स्पष्टीकरण जोडलं जातं. संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेला होकार. तो शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर कोणत्याही रीतीने व्यक्त झालेला हवा, आणि त्या विशिष्ट लैंगिक कृतीत भाग घेण्याची तयारी त्यातून कळायला हवी. खाली परंतुक: केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीने संमती दिली असं धरता येणार नाही. पुरावा कायद्यात ५३अ हे कलम आलं, त्याने तिचे आधीचे संबंध संमतीच्या प्रश्नात गैरलागू ठरवले.

हा कागद घेऊन १९७८ च्या निकालावर ठेवून पाहा. जखमा नाहीत? परंतुकाने तो मुद्दा बाद. मुकाट्याने गेली? मुकाट्याने जाणं हा होकार कसा, ते सांगा. प्रियकर होता? गैरलागू. ठाण्यात घडलं? मग १९८३ चं गृहीतक तिच्या बाजूने. प्रश्न विचारणारे तुम्हीच आहात, पण आता तो दुसऱ्या माणसाकडे वळलाय. ती का ओरडली नाही याऐवजी, ती तयार आहे हे त्याला कशावरून कळलं? आरोप सिद्ध करायची जबाबदारी आजही सरकार पक्षाचीच आहे आणि शंकेचा फायदा आजही आरोपीलाच मिळतो. फक्त शंका कोणत्या गोष्टीबद्दल घ्यायची, ते बदललं.

आणि तरीही सप्टेंबर २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात तुम्हाला ऐकू येईल की दोघं सुशिक्षित आहेत, ओळखीचे आहेत, त्यांच्यात पूर्वी जवळीक झालेली आहे, अशा वेळी स्त्रीचा ‘क्षीण नकार’ पुरुषाला नकार म्हणून उमगला असेलच असं नाही. तो माणूस सुटला, आणि सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. व्याख्या म्हणते की स्पष्ट होकार हवा. न्यायालयाने मोजला नकाराचा आवाज. कायद्यातली जागा भरली म्हणून वाचणाऱ्याच्या मनातलं जुनं चित्र पुसलं जात नाही. दोन बोटांच्या तपासणीचंही तसंच: ती गैर आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ ला ते पुन्हा बजावून सांगावं लागलं.

१ जुलै २०२४. शेवटचा मुक्काम. दंड संहिता आज इतिहासजमा झाली. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता. ३७५ चं आता ६३ झालंय. संमतीची व्याख्या आणि परंतुक जसंच्या तसं आहे. ताब्यातल्या स्त्रीबाबतचं गृहीतक नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १२० मध्ये आहे, आणि ते आता आणखी बऱ्याच प्रकारच्या प्रकरणांना लागू होतं.

या वेळी तुम्हाला मागच्या बाकावर जागा नाही. तुम्ही न्यायाधीशाच्या खुर्चीत बसायचंय. समोर पंचविशीतली बाई आहे. ती म्हणते, मी नाही म्हटलं होतं. तीनदा म्हटलं होतं. शेजाऱ्यांनी ऐकलं, अंगावर वळ आहेत, डॉक्टरांचा दाखला आहे. एवढं सगळं दिल्लीच्या न्यायमूर्तींना १९७८ मध्येही पुरलं असतं. तुम्ही तुमचा प्रश्न विचारायला तोंड उघडता आणि कारकून कलम ६३ चा दुसरा अपवाद पुढे सरकवतो: बायको अठराच्या आत नसेल तर नवऱ्याने केलेला संबंध बलात्कार नव्हे. वर्मा समितीने हा अपवाद काढा म्हटलं होतं. इंग्लंडच्या न्यायालयाने हेलचं वचन १९९१ मध्येच टाकून दिलं. ११ मे २०२२ ला दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींपैकी एकाने अपवाद घटनाबाह्य ठरवला, दुसऱ्याने राखला, आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१७ मध्ये अठराच्या आतली बायको या अपवादातून सुटली होती, तेवढीच.

तुमच्या हातात काय उरतं? क्रूरतेचं कलम. मारहाणीचं कलम. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा, जो लैंगिक छळाला हिंसाच म्हणतो, पण दाद देतो ती बहुतांशी दिवाणी. नवऱ्यापासून वेगळी राहत असती तर कलम ६७ लागलं असतं. ती राहत नाही. समोरच्या बाईने दिलेला जबाब खरा आहे याबद्दल तुमच्या मनात शंका नाही, आणि बलात्काराच्या आरोपातून तुम्हाला त्या माणसाला मोकळं करायचंय, कारण संमती होती की नव्हती हे इथे विचारायचंच नाही असं कायदा सांगतो. कारणं लेखी द्यावी लागतात. लिहा.